पवनीची टेकडी आणि हिएईचा दिवा

आपल्या समाजातील माणूस फिरायला निघाला म्हणजे त्याचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. गाठीला चार पैसे असले तर बोधगया, सारनाथ, कुशीनगर. थोडे कमी असले तर सांची. आणि अशोक विजयादशमी जवळ आली की दीक्षाभूमी. यात वावगे काहीच नाही. परंतु भंडारा जिल्ह्यातील पवनीचे नाव या यादीत क्वचितच येते, याची मला फार दिवस रुखरुख वाटत आली आहे. मी एस.टी.त वाहक होतो. भंडारा-अड्याळ-पवनी या मार्गावर किती हजार तिकिटे फाडली असतील त्याचा हिशेब नाही. पवनीला उतरणारी माणसे कशासाठी उतरत? कोणी वैनगंगेच्या घाटावर अस्थी घेऊन, कोणी देवळांसाठी (पवनीला विदर्भाची काशी म्हणतात), कोणी कोष्ट्यांच्या मागावरचे लुगडे घ्यायला, बाकीचे तहसीलच्या कामाला. "स्तूपाजवळ उतरवा," असे म्हणणारा प्रवासी मला वर्षात एखादाच भेटे.

मग पुढे पुढे एक नवल दिसू लागले. नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांतून जपानी माणसे पवनी तालुक्यात येऊ लागली. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर कापडी टोपी, हातात पाण्याची बाटली. आग्र्याला नाही, अजिंठ्याला नाही, ही मंडळी चालली होती रुयाडला! रुयाड हे सिंदपुरीजवळचे खेडे. भाताची बांधी, लाखोळीचे शेत, मोहाची झाडे, याखेरीज पाहण्यासारखे तिथे काय असणार, असे आमच्याच माणसांना वाटे.

आधी पवनीचे सांगतो. वैनगंगेच्या काठी वसलेले हे गाव दोन हजार वर्षांहून जुने आहे. गावाला मातीचा प्रचंड कोट आणि खंदक आहे. आज त्या कोटावर घरे चढली आहेत, बाभळी माजल्या आहेत, म्हणून नवख्या माणसाला तो एखादा लांबलचक उंचवटा वाटतो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. गावाबाहेरच्या जगन्नाथ टेकडीवर कुदळी पडल्या आणि मातीखालून विटांचा स्तूप निघाला. त्याचा व्यास अडतीस मीटरांहून अधिक. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यातला हा स्तूप घेराने त्याच्याहून उणा नाही! दगडी कठड्याचे कोरीव खांब निघाले, ब्राह्मी लिपीतील लेख निघाले. १९९४ साली हरदोलाला टेकडीवर पुन्हा खोदकाम झाले. चांडकापूरची टेकडीही अशीच, तिच्या पोटातही स्तूपच आहे.

या कोरीव कामातील एक खांब माझ्या विशेष ध्यानात राहिला आहे. त्यावर पाच फण्यांचा नाग आहे, त्याच्या फण्यांखाली आसन आहे, आणि आसन रिकामे आहे. बाजूला नागाचे नाव कोरले आहे, मुचरिंद. बोधिप्राप्तीनंतर पावसात ज्याने तथागतांवर फणा धरला तो हा नागराज. त्या काळी भगवंतांची मूर्ती करीत नसत, रिकामे आसन दाखवीत, आणि पाहणाऱ्याने काय ते ओळखावे. वैनगंगेच्या खोऱ्यातील कारागिराने नागाला इतके मानाचे स्थान दिले आहे. आमच्या भागातील माणसाला त्याचे अधिक काही सांगायला नको.

लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. राजा-महाराजांचीच नव्हेत. उपासक आहेत, उपासिका आहेत. एकाने एक दगड दिला, दुसरीने दुसरा दिला, आणि कठडा उभा राहिला. वर्गणीची पावती दगडावर फाडावी, तसा हा प्रकार आहे. आमच्या वस्तीतील विहार असाच बांधला गेला. कोणी सिमेंटची दोन पोती दिली, कोणी रविवारची मजुरी सोडून विटा वाहिल्या. म्हणून ही दानाची रीत वाचली तेव्हा मला ती परकी वाटली नाही.

आज टेकडीवर जगन्नाथाचे देऊळ आहे. पायाखाली स्तूप आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो दिसतो. निघालेल्या वस्तू नागपूरला गेल्या. जागेवर विटा, गवत, आणि शेळ्या चारणारी पोरे.

रुयाडची गोष्ट याच्या अगदी उलट. तिथे जमिनीखाली काही नाही, जे आहे ते वर आहे आणि अलीकडचे आहे. भदंत संघरत्न मानके हे लहान वयात जपानला गेले. क्योतो शहराच्या ईशान्येला हिएई नावाचा पर्वत आहे, तिथे तेंदाई परंपरेच्या भिक्खूंजवळ त्यांचे शिक्षण झाले. जपानी भाषेत ते वाढले, तिकडचे 'होतेन' हे नाव त्यांना मिळाले. तिथेच राहिले असते तरी कोणी बोल लावला नसता. ते परत आले. पञ्ञा मेत्ता संघ स्थापन केला, मुलांसाठी बालसदन काढले, आणि जपानी उपासकांच्या दानातून रुयाडला महासमाधीभूमी उभी केली. ८ फेब्रुवारी २००७ रोजी तेथील महास्तूपाचे लोकार्पण झाले. तेव्हापासून फेब्रुवारीत तिथे धम्म महोत्सव भरतो. जपानहून भिक्खू येतात, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून माणसांची रीघ लागते. आमच्या तोंडी रुयाड, कागदोपत्री महासमाधीभूमी, आणि जपानी लोक त्याच जागेला 'झेनजोरिन' म्हणतात, म्हणजे ध्यानाचे वन.

कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली झाले, ते सर्वांना माहीत आहे. भदन्त सुरेई ससाई यांना तर नागपूरकर घरचाच माणूस मानतात. त्या मानाने रुयाड मागे पडले आहे, बहुतेक सडकेमुळे. परंतु मला विचाराल तर हेच त्याचे वैभव आहे. शेताच्या बांधावरून येणारा वारा थेट प्रार्थनागृहात शिरतो. बालसदनाची पोरे शाळेतून येतात, दप्तर टाकतात आणि मोकळ्या जागेत दंगा करतात. मी अशी एकच विनंती करीन, की तिथे गेल्यावर मुलांना उभे करून फोटो काढू नयेत. ते त्यांचे घर आहे.

आता या लेखाचे खरे निमित्त. माझा भाचा ओसाकाजवळ म्हाताऱ्या माणसांच्या सेवागृहात कामाला आहे. भारत आणि जपान यांच्यात २०२१ साली करार झाला, तेव्हापासून आपल्याकडील तरुण-तरुणींना अशी कामे करायला तिकडे जाता येते, मात्र आधी जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. पोराने ती दिली. दोन वर्षे पैसे साठवले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मला आणि माझ्या पत्नीला बोलावून घेतले. "मामा, तोक्यो बघायचे की फुजी पर्वत?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "रुयाडचा दिवा जिथून आला ते गाव दाखव." पत्नी म्हणाली, "आणि शेती असेल असे काही. उंच इमारती टीव्हीवर दिसतात."

त्या गावाचे नाव साकामोतो. हिएईच्या पूर्व पायथ्याशी, बिवा तलावाच्या काठी. क्योतोहून लोकल गाडीने वीसेक मिनिटे. आपला भंडारा तलावांचा जिल्हा म्हणवतो, पण बिवा म्हणजे जपानमधील सर्वांत मोठे तलाव, सुमारे ६७० चौरस किलोमीटर पाणी! त्याच्या भोवती सगळी भातशेती. कापणी होऊन गेली होती, धसकटे उभी होती, आणि पत्नीने वाकून धसकट हातात धरून पाहिले. जागा आमच्याच वळणाची निघाली.

साकामोतो गावात पाहायचे काय? दगडी भिंती. ऐकायला विचित्र वाटेल. परंतु दोन्ही बाजूंनी न घडवलेल्या, जशा मिळाल्या तशा दगडांच्या भिंती आहेत, चुना नाही, सिमेंट नाही. शेजारच्या आनो नावाच्या वस्तीतील गवंडी हे काम करीत, त्यांच्या नावाने या बांधकामाची पद्धत ओळखली जाते. दगडाला हवे तसे छाटायचे नाही, त्याला कुठे बसायचे आहे ते पाहून बसवायचे. भूकंपाच्या देशात या भिंती शतकानुशतके टिकल्या. पुढे जपानमधील मोठमोठ्या किल्ल्यांचे पाये याच लोकांनी रचले.

भिंतीआड जुन्या भिक्खूंची घरे आहेत. वर पर्वतावर थंडी आणि ओल भारी, म्हणून साठी उलटलेल्या भिक्खूला खाली गावात राहण्याची परवानगी मिळे. अशी पन्नासेक घरे अजून आहेत, त्यांच्या अंगणात शेवाळ आणि पाण्याचे लहान ओहोळ. जपानी भिक्खू लग्न करतात, मुलेबाळे असतात, हे आपल्याकडील उपासकांना प्रथम पचत नाही. १८७२ साली सरकारने ती मोकळीक दिली आणि ती रूढ झाली. कोणी त्याला धम्माचा ऱ्हास म्हणतील. मी इतकेच म्हणेन, की विहाराची झाडलोट, पाहुण्याचा चहा, मयताच्या घरची विचारपूस, हे सर्व ते कुटुंब मिळून करते.

दुपारी आम्ही तिथल्या तीनशे वर्षे जुन्या दुकानात सोबा खाल्ला. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, गरम पाण्यासारख्या रश्श्यात. रश्श्यात बहुधा मासळीचा अर्क असतो, शाकाहारी माणसाने विचारून घ्यावे. आणि खाताना फुर्र आवाज केला तरी तिथे चालतो. माझ्या पत्नीने आयुष्यभर मला याच आवाजावरून टोकले आहे.

वर जायला दोरीने ओढली जाणारी रेल्वे आहे, १९२७ साली सुरू झालेली. लांबी २०२५ मीटर, जपानमध्ये या जातीची सर्वांत लांब. अकरा मिनिटांत गाडी देवदारासारख्या उंच झाडांतून वर नेते आणि खाली तलाव उलगडत जातो. पर्वत फार उंच नाही, ८४८ मीटर. त्यावर एन्र्याकुजी हा महाविहार आहे. साइचो नावाच्या तरुण भिक्खूने ७८८ साली इथे लहानशी कुटी बांधली. पुढे जपानमधील बौद्ध धम्माचे बहुतेक मोठे प्रवर्तक, होनेन, शिनरान, दोगेन, निचिरेन, याच पर्वतावर शिकून गेले. म्हणून जपानी माणूस याला मातृपर्वत मानतो.

मुख्य प्रार्थनागृहाचे नाव कोन्पोन चूदो. २०१६ साली त्याची मोठी दुरुस्ती सुरू झाली, आम्ही गेलो तेव्हा सगळी इमारत मांडवाखाली झाकलेली होती. भाच्याचे तोंड उतरले. मला मात्र ते बरे वाटले, कारण छपरावर काम करणारे सुतार आणि पत्रेकारागीर जवळून पाहता आले. एरवी ते छप्पर खालून दिसते आणि माणूस मान वर करून "वा" म्हणतो आणि पुढे जातो.

आत काळोख. डोळे सरावले की दिसते: आपण उभे आहोत ती लाकडी जमीन, मध्ये खोल दगडी खड्ड्यासारखी जागा, तिथे भिक्खू बसतात, आणि पलीकडे भैषज्यगुरू बुद्धांची वेदी. वेदीची उंची आपल्या पायाखालच्या जमिनीइतकीच. खाली आहे तो पुरोहित. बुद्ध आणि सामान्य माणूस समोरासमोर, एका पातळीवर! बांधणाऱ्याने ती गोष्ट लाकडात सांगून ठेवली आहे.

वेदीसमोर तीन दिवे जळतात. साइचोच्या काळापासून, बाराशे वर्षे, हे दिवे विझले नाहीत असे म्हणतात. सरसूच्या जातीच्या बियांचे तेल रोज घालतात. जपानी भाषेत निष्काळजीपणाला जो शब्द आहे तो लिहिताना 'तेल तुटणे' अशी अक्षरे येतात, आणि लोक त्याचा संबंध या दिव्यांशी जोडतात. त्यावर पत्नी म्हणाली, "आपल्याकडे जवसाचे तेल असते, हे तर मोहरीचे निघाले."

परंतु दिवा विझला नाही हे पूर्ण खरे नाही, आणि जे खरे आहे ते मला अधिक मोलाचे वाटते. १५७१ साली ओदा नोबुनागा या सरदाराने हिएईवर चढाई केली. या पर्वताचे भिक्खू त्या काळी शस्त्रे बाळगीत, राजकारणात पडत, हे लपवण्याचे कारण नाही. नोबुनागाने मात्र भिक्खू, बाया, पोरे कोणालाच सोडले नाही, सगळा पर्वत जाळला. दिवा गेला. पण त्याआधी कधीतरी या ज्योतीवरून एक ज्योत उत्तरेला यामागाता भागात, यामादेरा नावाच्या डोंगरगावच्या विहारात नेलेली होती. तिथे हजारावर पायऱ्या चढून जावे लागते, खाली भाताची खोरी आहेत. त्या खेड्यातला दिवा जळत होता. हिएई पुन्हा उभा राहू लागला तेव्हा तिथून ज्योत परत आणली गेली. मोठ्या विहाराला लहान गावाने दिवा दिला. आणखी एक नवल असे, की ज्या नोबुनागाने पर्वत जाळला त्यानेच पुढे आपला आझुची किल्ला बांधायला पायथ्याच्या त्या आनो गवंड्यांना कामाला लावले, असे सांगतात. धनी बदलत गेले, गवंड्यांचे काम तेच राहिले.

एका फलकापाशी भाच्याने थांबून वाचून दाखवले, की १८७२ पर्यंत या पर्वतावर बायकांना पाऊल टाकायला मनाई होती. पत्नीने काही न बोलता चप्पल नीट केली आणि पुढे चालू लागली. उतरताना म्हणाली, "आपल्या पवनीच्या दगडांवर बायांची नावे आहेत ना हो?" मी म्हटले, "आहेत." ती म्हणाली, "मग त्या दगडांना आधी कोणीतरी सावली करायला पाहिजे."

दुसरे दिवशी ओहारा. हे हिएईच्या दुसऱ्या अंगाला, क्योतोपासून तासाभराच्या बसवरचे खेडे. जपानी बसमध्ये वाहक नसतो! चालकाशेजारी पेटी, उतरताना पैसे आपणच टाकायचे, आणि कोणी चुकवत नाही. मी त्या पेटीकडे पाहत बसलो. माझ्या आयुष्याचे काम त्या डब्याने केले होते.

ओहाराच्या शेतांत शिसो नावाची तांबड्या पानांची भाजी होते, तिच्यात वांगी आणि काकडी मुरवून जांभळे लोणचे घालतात. गावच्या नावाने 'ओहारामे' हा शब्द आहे, ओहाराच्या बाया. डोक्यावर सरपणाच्या मोळ्या आणि कोळसा घेऊन या बाया क्योतोच्या गल्ल्यांत विकायला जात. आता गावात कधीमधी तो पोशाख करून मिरवणूक काढतात, निळा अंगरखा, डोक्यावर पांढरे फडके. जपानी प्रवासी त्याला फार गोड मानतात. मी चित्रातील ओझे पाहिले. आमच्या आईने तेंदूपत्त्याचे मुडके आणि लाकडाची मोळी याच डोक्यावर वाहिली, परंतु तिच्या नावाची मिरवणूक कधी निघाली नाही.

इथे सानझेन-इन विहारात ११४८ सालच्या मूर्ती आहेत, मध्ये अमिताभ बुद्ध, दोन्ही बाजूंना बोधिसत्त्व. ते दोघे मांडी घालून बसलेले नाहीत. गुडघ्यांवर, थोडे पुढे झुकून, टाचा सोडवून, आत्ता उठतो असे बसले आहेत. हाक आली की निघायला तयार. माझ्या भाच्याने सांगितले, रात्रपाळीत म्हाताऱ्याची घंटा वाजेल म्हणून ते सगळे खुर्चीत असेच बसतात.

तिसरे ठिकाण मी स्वतः मागून घेतले, आणि त्यासाठी भाच्याला बरीच शोधाशोध करावी लागली. नारा जिल्ह्यातील गोसे या लहान शहराजवळ काशिवाबारा नावाची वस्ती आहे. बौद्धांच्या या देशातही एक समाज अस्पृश्य होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? चामड्याचे काम, मेलेली जनावरे ओढणे, फाशी देणे, ही कामे ज्यांच्या वाट्याला आली त्यांना अपवित्र ठरवून वेगळ्या वस्त्यांत टाकले होते. १८७१ साली सरकारने कायद्याने तो भेद काढला, पण कागदावर. त्यांना बुराकु म्हणतात, म्हणजे नुसते 'वस्ती'. दिसायला, बोलायला, नावाने, ते इतर जपान्यांसारखेच. पत्ता सांगितला की घात. १९७५ साली असे उघडकीस आले, की या वस्त्यांच्या गावांची गुप्त यादी छापून कंपन्यांना विकली जात होती आणि नोकरी देताना ती पाहिली जात होती. २०१६ साली या भेदभावाविरुद्ध पुन्हा नवा कायदा करावा लागला.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे विहारांनी यांच्या मृतांना दिलेली नावे. जपानमध्ये माणूस मेल्यावर भिक्खू त्याला धम्मनाम देतात, ते थडग्यावर कोरतात. बुराकु माणसाच्या नावात हीनपणा दाखवणारी, जनावराची अक्षरे घालण्याची चाल होती. मेल्यावरही सोडले नाही! अलीकडच्या काळात पंथांनी याची कबुली दिली, माफी मागितली, काही दगड बदलले. हे मी जपानला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. बुद्धाचे नाव घेतले की विषमता आपोआप मरते, असे ज्याला वाटत असेल त्याने हे वाचावे.

काशिवाबाराच्या तरुणांनी पुढाकार घेऊन ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली. समतेची संघटना, पाण्याच्या पातळीसारखी सपाट, असा त्या शब्दाचा अर्थ. महाडचे चवदार तळे १९२७ चे. म्हणजे इकडे पाण्यासाठी माणसे जमली त्याच्या पाच वर्षे आधी तिकडे लोकांनी पाण्याच्या पातळीचे नाव घेतले होते. संघटनेचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा त्याच गावच्या विहारातला मुलगा. निशाणही त्यानेच ठरवले: काळा कपडा, त्यावर रक्तासारखा तांबडा काट्यांचा मुकुट. १९९८ पासून गावात त्यांचे लहान संग्रहालय आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज चारच माणसे होती. काउंटरवरच्या बाईंना भाच्याने आम्ही कोण ते सांगितले. त्या म्हणाल्या, "आंबेडकर." एवढाच शब्द दोन्ही बाजूंना कळला. मग त्यांनी खुर्च्या आणल्या आणि चहा दिला.

आमच्या सहलीत तोक्यो आले नाही, फुजी विमानातूनही दिसला नाही.

ज्यांच्या घरचे कोणी तिकडे कामाला आहे त्यांनी ही तीन ठिकाणे जरूर मागून घ्यावीत, क्योतो आणि ओसाका धरून चार दिवसांत होतात. नोव्हेंबरात पाने तांबडी होतात, गर्दी वाढते. हिएईवर थंडी असते, स्वेटर ठेवावे. बाकी सगळ्यांसाठी पवनी आहेच. नागपूरहून उमरेड, भिवापूर मार्गे ऐंशी किलोमीटरच्या आसपास, भंडाऱ्याहून पंचेचाळीसेक. पूर्वी नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे पवनी रोडला थांबे, ती २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, त्यामुळे एस.टी.च बरी. भिवापूरला मिरची घ्यावी. सकाळी आधी जगन्नाथ टेकडी पाहावी, ऊन चढायच्या आत, कारण वर सावली नाही. देवळात येणाऱ्यांशी वाद घालू नये, ते त्यांच्या श्रद्धेने येतात. मुलांना मात्र हाताला धरून टेकडीभोवती पूर्ण चक्कर मारावी आणि पावले मोजायला लावावीत, म्हणजे घेर किती ते त्यांच्या पायांना कळते. मातीत विटेचा तुकडा दिसला तर हात लावून पाहावा आणि तिथेच ठेवावा. मग कोटाचा दरवाजा, घाट, आणि दुपारनंतर रुयाड. मे महिना टाळावा. शिदोरी घरून न्यावी, पाणी दुप्पट न्यावे, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते पवनी बसस्थानकावर उतरल्याबरोबर विचारून ठेवावे, कारण रुयाडला बसले की उठावेसे वाटत नाही.